मधली ओळ

शालिक, लेका, तू मेलास आणि दानिएल मास्तरनं तुला त्याच दिवशी जन्माला घातलं.

तुझ्यावरची माती अजून बसलेली नाही. रोज सकाळी पाण्याचं डबडं घेऊन जातो, शिंपतो, तरी ती फुगलेलीच. तुझा स्वभाव काही असा फुगून बसायचा नव्हता. म्हटलं, ती खाली बसायच्या आत तुझ्याशी बोलून घ्यावं. जिवंतपणी मी तोंड उघडलं की तुझे दोन्ही हात सायकलच्या चाकावर असायचे आणि एकच कान माझ्याकडे. आता दुकान बंद आहे. आता पुरता ऐक.

रागावलेला माणूस सगळं पहिल्यापासून सांगतो, ज्याला माहीत आहे त्यालाही सांगतो. आपल्या मंडळीच्या दफनभूमीत प्रत्येक दगडावर तीन ओळी असतात. वरची जन्माची. खालची प्रभूत झोपी गेल्याची. आणि मधली नव्या जन्माची, म्हणजे ज्या दिवशी त्या माणसानं आपलं पाप कबूल करून प्रभूला आपलं म्हटलं त्या दिवसाची. हे दगड मी ओततो. सिमेंट ओलं असताना खिळ्यानं अक्षरं काढतो. माझ्यासारखा डौलदार 'ज' पुलगावपासून जामपर्यंत कोणी काढत नाही. एका म्हातारीनं तो पाहून मरायची घाई केली होती, हे मी तुला सांगितलंच आहे. तू म्हणाला होतास, तिला न्यूमोनिया झाला होता.

त्यामुळे मधल्या ओळी कशा तयार होतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मार्थाबाईला नवऱ्याच्या दगडासाठी त्याचा दिवस आठवेना, तेव्हा मास्तर म्हणाला, "नाताळच्या अलीकडचा एखादा लिही." मार्थाबाई म्हणाली, "लिहा बावा, तुम्हाले जमन तो." झालं. माझी स्वतःची मधली ओळ तर आपल्या मंडळीत सगळ्यांना पाठ आहे, कारण तिच्यामागची साक्ष मी दर वर्षी देत आलो. दारूच्या नशेत जामच्या चौकात हायवेवर आडवा पडलेला मी, अंगावरून गेलेला ट्रक, चाकांच्या मधोमध वाचलेला देह, आणि वरून आलेली हाक. बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मास्तर शेवटी मान हलवून म्हणायचा, "याला म्हणतात साक्ष." आणि मागच्या बाकावरून तू बोटं दाखवायचास. आधी मला कळेना. मग भक्ती सुटल्यावर तू म्हणालास,

"मिस्त्री, पहिल्या वर्षी सहा चाकं होती. मागच्या वर्षी दहा. आज चौदा झाले."

"ट्रक मोठा होता बे."

"वाढून राह्यला तो."

चाकांच्या बाबतीत तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. नाचणगाव रस्त्यावरचं तुझं ते दुकान, छताला टांगलेले रिम, आणि तू एका डोळ्यानं चाकाचा आऊट बघत बसलेला. सगळ्या तालुक्याची वाकडी चाकं सरळ केलीस. मास्तरचं एक तेवढं राहून गेलं.

तुझी साक्ष मात्र आपल्या मंडळीच्या इतिहासातली सगळ्यात लहान. पहिल्या रविवारी मास्तरनं तुला उभं केलं. हिंदू शेतकऱ्याच्या घरचा माणूस, कोणी न बोलवता आलेला, मंडळी कान टवकारून बसली होती. तू म्हणालास, "मी त्याचं लेकरू आहो." आणि खाली बसलास.

मास्तरनं विचारलं, "कधीपासून?"

"मालूम नाई."

"तारीख?"

"नाई बा."

"पूर्वीचं जीवन? दारू? जुगार? काही व्यसन?"

"पानाले चुना थोडा जास्त लागते."

मंडळी हसली. मास्तर हसला नाही. चाळीस वर्षं पोरांना सनावळ्या घोकायला लावलेला माणूस तो. ज्याला तारीख सांगता येत नाही त्याला नापास करायचं, एवढंच त्याला येत होतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे आणि मास्तर सांगेल त्यालाच बाप्तिस्मा द्यायचे. मास्तरनं तुझं नाव कधी सांगितलंच नाही. बाप्तिस्मा नाही, म्हणून प्रभुभोजन नाही.

एकोणीस वर्षं, शालिक. दर महिन्याला भाकरीच्या तुकड्यांचं ताट पुढच्या बाकावरून हातोहात मागं यायचं. तू ते डावीकडून घ्यायचास आणि उजवीकडे द्यायचास. मग इवल्या प्याल्यांचं ताट. तेही डावीकडून घेऊन उजवीकडे. त्यातला एक थेंब तुझ्या हातून कधी सांडला नाही. माझ्या बाप्तिस्मा झालेल्या हातांनी तीनदा सांडला, एकदा तर पाळकसाहेबांच्या पांढऱ्या पायजम्यावर. मी बाजूला बसून तुझे हात बघायचो आणि मला मास्तरच्या नरड्यावर थापी ठेवावीशी वाटायची. तू मात्र बाहेर पडल्यावर त्याच मास्तरच्या सायकलीत हवा भरून द्यायचास. याच्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. बाकीच्या गोष्टींचं नंतर बघू.

मी काय कमी प्रयत्न केले? तुझ्यासाठी साक्ष बांधून द्यायला तयार होतो मी. पायापासून स्लॅबपर्यंत.

"दिवस फक्त तू सांग," मी म्हटलं होतं. "बाकीचं माह्याकडं सोड. तुले नागाची साक्ष देतो. पाच फुटाचा नाग, छातीवर बसला."

"मले नाग दिसला नाई कधी."

"मंग तुले बुडवतो. वर्धा नदीत, पुराच्या पाण्यात."

"मले पोहता येते."

"काऊन शिकला बे पोहायले!"

तू हसलास. मग तार आवळता आवळता म्हणालास, "मिस्त्री, आईच्या पोटातून बाहेर आला तो दिवस आठवते तुले?"

"आईनं सांगितला तो आठवते."

"तुले आठवते काय?"

"नाई."

"मंग जन्मलाच नाई काय तू?"

याच्यावर मी काहीतरी अचाट उत्तर दिलं होतं. काय ते आता आठवत नाही. म्हणजे नसणारच दिलं.

आणि मग ती शेवटची दुपार. तीही सांगायला हवी, कारण सूड घ्यायचा तर माझ्यापासून सुरुवात केली पाहिजे. आदल्या रविवारी ताट पुन्हा तुझ्या हातातून पुढं गेलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. दुकानात येऊन मी ओरडलो, "एक खोटं बोल ना बे! एकच! मी हजार बोललो, मले काय झालं? देवाच्या पंगतीत बसलो ना मी?"

तू पाना खाली ठेवलास. "मिस्त्री, ट्रक आला नसता तर त्यानं तुले टाकून देलं असतं काय?"

मला उत्तर सुचलं नाही की मी हात उगारत नाही, जीभ उगारतो. मी म्हणालो, "तुले कोणीच घेतलं नाई. ना तुह्या घरच्याईनं, ना देवानं. म्हणून वाकडे प्रश्न विचारतं."

तू पाना उचललास. बारा दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही. तेराव्या दिवशी तुझ्या बायकोचा, सुलोचनावहिनीचा फोन आला, की तुझं काळीज बसलं, तुला सावंगीच्या दवाखान्यात नेलंय.

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडायचे, आणि त्यासाठी एकच पास. वहिनी दोन दिवस तिथून हलली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घशात नळी घातली. ती आत जाऊन तुला बघून आली, आणि मग मी तिला आंघोळीला, दोन घास खायला घरी पाठवलं. दुपारभर पास माझ्या खिशात होता. मास्तर आला तेव्हा खाली कँटीनमध्ये मीच त्याला चहा पाजला. दोन कप प्यायला. लिफ्टपाशी उभा राहून त्यानं डोळे मिटून प्रार्थना केली, आणि वर न येता गेला. मी पास पुढं केला होता. म्हणाला, "मला ती यंत्रं बघवत नाहीत." म्हणशील तर तेवढं माणूसपण मी त्याला देतो. त्यापलीकडे नाही.

मी वर येऊन तुझ्या पायाशी बसलो. मला बोलायचं होतं, की त्या दिवशी मी जे बोललो ते मागं घेतो. जगातला सगळ्यात मोठा बडबड्या मी, नि तुझ्या कानापाशी वाकून तुझं नावसुद्धा नीट निघालं नाही. तुझे पाय तेवढे दाबत बसलो. टाचांना अजून ग्रीस होतं. तू डोळे उघडले नाहीस, काही बोलला नाहीस, बोलणं शक्यच नव्हतं. माझ्यासारख्याला तुझ्या तोंडी चार शेवटचे शब्द घालणं किती सोपं होतं, विचार कर. मी घातले नाहीत. लेका, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी होतं तसं ठेवलं.

त्या संध्याकाळी तू गेलास, आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभं राहून मास्तरनं ते काम केलं.

"काल दुपारी," तो म्हणाला, "आपल्या या भावानं माझा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाला, मास्तर, इतकी वर्षं मी अंधारात होतो, मी प्रभूचा नव्हतो, आज मी त्याचा झालो. आणि आजच त्याचा नवा जन्म झाला."

मंडळी म्हणाली, "हालेलुया."

मी फावड्याला धरून उभा होतो. इतकी सफाईदार थाप मी जन्मात ऐकली नव्हती, आणि मी जन्मभर त्यातच आहे. एकोणीस वर्षांचा तुझा विश्वास त्यानं एका वाक्यात पुसला, आणि वर तो तुझ्याच तोंडून पुसून घेतला. वहिनीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. नळी तिनंही पाहिली होती. पण मंडळीचा नसलेल्या माणसाला त्या जमिनीत जागा देत नाहीत, आणि अजून तू वरच होतास. तिनं तुला आत जाऊ दिलं.

दफनभूमीच्या भिंतीबाहेर नाचणगावचे तुझे घरचे उभे होते. तुझा मोठा भाऊ टोपी हातात घेऊन माझ्यापाशी आला.

"मिस्त्री, एक सांगा. आमच्यातून तो गेलता, म्हणून आम्ही त्याले आपलं म्हटलं नाई. हे म्हणून राह्यले, कालपर्यंत तो ह्यांच्यातबी नव्हता. मंग इतके वर्षं माहा भाऊ होता कोणाचा?"

मी पंधरा-सोळा दिवसांपूर्वी तुला जे फेकून मारलं होतं, तेच तो हात जोडून विचारत होता. त्याला काय सांगू? मी सांगितलं तर म्हणणार, हा तोच ना, चौदा चाकंवाला.

संध्याकाळी मास्तरनं घरी चिठ्ठी पाठवली. तीन ओळी. मधल्या ओळीत तुझ्या मरणाची तारीख. 'सुबक काढ,' असंही लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ झाली. सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि म्हणालो, "ट्रक उभा होता."

कोणाला काही कळेना. मी म्हणालो, "जामच्या चौकात ट्रक उभा होता. मी लग्नातून येत होतो. अर्धा ग्लास घेतला होता, तोबी ओकला. ऊन लागे म्हणून उभ्या ट्रकच्या सावलीत झोपलो. वरून हाक आली ते खरं आहे. ड्रायव्हरची होती. तो जे बोलला ते इथं सांगता येत नाई."

आधी हसले. मग हसणं बसलं. मार्थाबाईची सून म्हणाली, "मंग आमी इतके वर्षं रडत काऊन होतो जी?" तिचा चेहरा मला बघवला नाही. माझी साक्ष त्यांचीही होती शालिक, सणासारखी वर्षातून एकदा यायची. ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आणि आता मास्तरांचं," मी म्हणालो. "वीस वर्षं थापा बांधून राह्यलो मी, दुसऱ्याचं बांधकाम मले लांबून कळते. मास्तर त्या दिवशी वर आलेच नाई. पास माह्या खिशात होता."

मास्तर उठला. शांतपणे, वर्गात बोलावं तसं म्हणाला, "मंडळी, हा गृहस्थ आताच स्वतःच्या तोंडानं सांगतोय की तो वीस वर्षं देवाच्या घरात खोटं बोलला. त्याच्या एकविसाव्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा का, ते तुम्ही ठरवा."

मला हेच होणार हे माहीत होतं. माझी सगळी इभ्रत मी भिंतीच्या पायात ओतली आणि ती तरीही उभी राहिना. आणि बायकांच्या बाजूनं सुलोचनावहिनीचा आवाज आला. ती बसूनच बोलली.

"नळी होती मास्तर. सकाळपासून."

बस्स. एवढंच.

त्यानंतरची दोन मिनिटं, शालिक, मी जन्मभर पुरवून खाणार आहे. मास्तरनं चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला. बाकाची कड चाचपत खाली बसला. कोणी त्याला पाणी दिलं नाही. मीही नाही. माझ्या शेजारी पाण्याची बाटली होती, भरलेली.

भक्ती सुटल्यावर दाराशी तो म्हणाला, "मिस्त्री, त्याला जागा मिळावी म्हणून मी ते बोललो. नाहीतर समितीनं त्याला तिथं पुरू दिलं नसतं."

"समिती म्हणजे कोण जी?"

तो सायकलचं कुलूप काढायला वाकला.

मी म्हणालो, "मेल्यावर सहा फूट देले. बसला होता तवा एक तुकडा नाई देला."

दगड मी सोमवारी ओतला. वहिनी अंगणात येऊन बसली होती. जन्माची ओळ काढली, निजल्याची ओळ काढली, दोन्ही अशा खेटून की मधे काडी घालायला जागा नाही. उद्या कोणाची बुद्धी फिरली आणि छिन्नी घेऊन आला, तरी त्याला काही घुसवता येणार नाही. वहिनीनं ओल्या अक्षरांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "मिस्त्री भाऊजी, लोक विचारतील ना, मधलं काऊन नाई?"

"विचारू द्या."

"त्याच्या भावाले मी सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, तो देवाचाच होता जी. तुमच्या घरी होता तवाबी."

मला हे सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत नाही.

इथवर सगळं ठीक आहे. आता जे सांगतो ते तुला आवडणार नाही.

मास्तरचा स्वतःचा दगड माझ्या अंगणात पडून आहे. जिवंतपणीच करून घेतला त्यानं. काळा कडप्पा, वरच्या दोन ओळी कोरून तयार, शेवटच्या ओळीची तेवढी जागा मोकळी. मधली ओळ सगळ्यात मोठी. रविवारपासून मी त्याच्यावर सिमेंटचा माल कालवतो. शेजारी घमेलं आहे, पत्रा आहे, तरी त्याच्यावरच.

काल दुपारी मास्तर आला. दगडाकडे पाहिलं. सिमेंटच्या पोत्यावर बसला. म्हणाला, "यावरची मधली ओळ काढता येईल का?"

"काऊन?"

"मला तो दिवस आठवत नाही, मिस्त्री. कधीच आठवत नव्हता. नववीत होतो की दहावीत, तेही नाही. जुन्या पाद्रीसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. भीतीनं एक तारीख सांगून टाकली."

एकोणीस वर्षं, शालिक! ज्याच्यासाठी त्यानं तुला शेवटच्या बाकावर ठेवलं, ते त्याच्याहीपाशी नव्हतं. तू खरं सांगून बाहेर राहिलास, तो खोटं सांगून दाराशी उभा राहिला. म्हातारा झालाय. दया यावी असाच दिसत होता, आणि मी तिला येऊ दिलं नाही.

"नाई निघत," मी म्हणालो. "कडप्पा आहे. एकदा कोरलं की कोरलं."

अर्ध्या तासाचं काम आहे ते. रविवारी थापा सोडल्या आणि गुरुवारी पुन्हा सुरुवात केली, हे मला कळतंय. मास्तर उठला, "बरं," म्हणाला, आणि सायकल हातात धरून चालत गेला. मागच्या चाकात हवा नव्हती. आता भरून द्यायला कोणी नाही.

तू असतास तर त्याला बसवून स्वतः छिन्नी शोधायला लागला असतास. तू नाहीस, आणि मला तो त्याच ओळीखाली झोपायला हवाय. येणाजाणाऱ्यानं वाचावी ती तारीख, आणि ती खोटी आहे हे मला माहीत असावं. एवढा राग पोटात घेऊन मी देवापुढं उभा आहे. साक्ष नाही, मधली ओळ नाही, चांगुलपणा तर पहिल्यापासूनच नव्हता. तुझ्या हिशेबानं तरीही मी त्याचं लेकरू. तू आता जवळ आहेस त्याच्या, विचारून बघ. मला बाहेर काढणार असेल तर मास्तर बरोबर होता आणि तू एकोणीस वर्षं उगाच ताट पुढं ढकललंस. आणि असा असूनही मला ठेवून घेणार असेल, तर मास्तरलाही ठेवून घेणार, आणि मला छिन्नी उचलावी लागेल. कुठं ठेवली आहे ते मला ठाऊक आहे.

पण आज नाही, शालिक. आज नाही.